बटण इथं, दार तिथं

हॅकिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? काळा स्क्रीन, त्यावर धो धो पडणारी हिरवी अक्षरं आणि अंधाऱ्या खोलीत की-बोर्ड बडवणारा हीरो. सिनेमावाल्यांची कृपा! 'गनपॉइंट' या गेममध्ये मात्र हॅकिंगसाठी कोडची एक ओळही लिहावी लागत नाही. माऊसनं तार ओढायची, बस्स.

हा गेम २०१३ साली आला. करणारा टॉम फ्रान्सिस हा तेव्हा गेम्सच्या एका ब्रिटिश मासिकात पत्रकार होता. नोकरी सांभाळून, फावल्या वेळात 'गेममेकर'वर पठ्ठ्यानं हे उभं केलं. चित्रं आणि संगीत इतरांचं. त्याच्या सांगण्याप्रमाणे खिशातून गेले ते फक्त ३० डॉलर, आणि विक्री सुरू झाल्यावर तेही ६४ सेकंदांत वसूल! (मिनी प्रोजेक्टचं बजेट मांडणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

यातला कॉनवे हा भाडोत्री हेर. रात्री इमारतीत शिरायचं, माहिती पळवायची आणि सटकायचं. त्याच्याकडे 'क्रॉसलिंक' नावाचं यंत्र असतं. ते चालू केलं की भिंतीआडचं सगळं वायरिंग दिसायला लागतं. कुठलं बटण कुठल्या दिव्याला, कुठला कॅमेरा कुठल्या गजराला. दिव्याची तार काढून दाराला जोडली की बटण दाबल्यावर दार उघडणार. आपण 'इफ' लिहून जे करतो तेच, फक्त कंस आणि सेमीकोलनशिवाय. काही तारा वेगळ्या रंगाच्या असतात. त्यांना हात लावायचा तर आधी जीव मुठीत धरून त्या रंगाच्या पेटीपर्यंत पोचावं लागतं.

खरी गंमत पहारेकऱ्याची. दिवा गेला की तो इमानेइतबारे बटणाकडे जातो. ते बटण आपण आधीच कुलूपबंद दाराला जोडून ठेवलेलं. तो उजेडासाठी दाबतो आणि दार आपल्यासाठी उघडतं! त्याला मूर्ख म्हणवत नाही. दिव्याचं बटण दिवाच लावतं हा भरवसा आपणही रोज ठेवतोच की.

आता आमच्या रूम पार्टनरबद्दल. दहावीपर्यंत मराठी माध्यम, 'सी'ची केटी, आणि व्हायवात "तुला लॉजिकच नाही" हे एकदा ऐकलेलं. ते त्याच्या इतकं मनात बसलं होतं की ब्रँच बदलता येईल का याची चौकशी ऑफिसात करून आला होता. पीएलमध्ये एका रात्री त्यानं माझ्या लॅपटॉपवर हा गेम लावला. संवाद इंग्रजीत, ते त्यानं धडाधड पुढं ढकलले. एका ठिकाणी कॅमेऱ्याला चुकवून दारापर्यंत कसं जायचं यावर मी अर्धा तास डोकं खाजवत होतो. हा म्हणाला, "चुकवतोस कशाला? गजराची तार काढून दाराला लाव आणि कॅमेऱ्यासमोर जाऊन उभा राहा." कॅमेऱ्यानं पाहिलं आणि दार उघडलं. लॉजिक नाही म्हणे!

गेमनं प्रोग्रॅमिंग येतं असं मात्र कुणी समजू नये. यात लूप नाही, व्हेरिएबल नाही, अॅरे तर नाहीच नाही. एक झालं की दुसरं व्हावं, एवढीच साखळी. पण ती साखळी डोक्यात जुळवणं आणि ती परक्या भाषेत बिनचूक लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आपल्याकडे परीक्षेत मार्क जातात ते बहुतेक दुसऱ्यापायी.

पार्टनर आता कोड लिहिण्याआधी जर्नलच्या मागच्या पानावर चौकोन काढून तारा जोडतो. सेमीकोलन अजून विसरतो. कंपायलर अजून शिव्या घालतो. ऑफिसात मात्र परत गेलेला नाही. केटीचा पेपर तीन आठवड्यांवर आलाय. काल रात्री दोन वाजता मला उठवून विचारत होता, "नेस्टेड लूपमध्ये आतली तार बाहेरच्या चौकोनाला नेमकी कुठं जोडायची?" चहा घेऊन आम्ही दोघं ते पान उलटंसुलटं करत बसलो होतो.