दोन मिनिटांचं विमान

सीटबेल्ट लावला. बॅग पायाशी सरकवली. फोटो काढावा म्हणून मोबाइल बाहेर काढला, आणि कॅमेरा सुरू होईपर्यंत विमान उतरलंसुद्धा!

गंमत करत नाहीये. स्कॉटलंडच्या डोक्यावर ऑर्कनी नावाचा सत्तरेक बेटांचा पुंजका आहे. त्यातल्या वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधलं हे जगातलं सर्वांत छोटं शेड्यूल्ड फ्लाइट. अंतर फक्त २.७ किलोमीटर. वेळ दोन मिनिटांच्या आत, वारा पाठीशी असेल तर आणखी कमी. रेकॉर्ड ५३ सेकंदांचं आहे. आमच्या ऑफिसच्या लिफ्टची वाट बघण्यातही याहून जास्त वेळ जातो.

विमान म्हणजे 'आयलँडर'. आठ प्रवासी आणि एक पायलट, आतून डिट्टो टाटा सुमो. एअर होस्टेस नाही, ट्रॉली नाही. पायलटच मागे वळून 'पट्टे लावले ना?' विचारतो. पापा वेस्ट्रेला उतरल्यावर समोर गवत, गाई, वाऱ्याने फुगलेला विंडसॉक आणि एका खोलीचं टर्मिनल. हातात सर्टिफिकेट मिळतं, की तुम्ही हा जगप्रसिद्ध प्रवास केला. मी ते लगेच मिरवलं, अर्थात.

मी आले होते ॲबर्डीनला, कॉलेजमधल्या मैत्रिणीकडे. 'दोन मिनिटांचं विमान' हे ऐकून टुरिस्ट लोकांसाठी केलेला स्टंट असेल असं वाटलं, म्हणून एक वीकेंड काढला. तो स्टंट नाही हे दुसऱ्या दिवशी कळलं. त्याआधी जरा इतिहास. बोअर होणार नाही, प्रॉमिस.

ऑर्कनीच्या आकाशाला विमान तसं नवं नव्हतं. इथल्याच स्कापा फ्लो या नौदलाच्या बंदरात २ ऑगस्ट १९१७ ला एडविन डनिंग या तरुण अधिकाऱ्याने चालत्या जहाजावर विमान उतरवलं. जगात पहिल्यांदा. पाचच दिवसांनी तोच प्रकार पुन्हा करताना तो गेला. पण हे सगळं नौदलाचं. बेटावरच्या माणसाला त्याचा काय उपयोग? त्याला मेनलँडला जायचं तर पेंटलंड फर्थ ही खाडी ओलांडायची, तीही 'सेंट ओला' बोटीने. रुंदी दहाएक किलोमीटर, पण अटलांटिक आणि नॉर्थ सीचं पाणी इथे अक्षरशः एकमेकांच्या अंगावर धावून येतं. भल्याभल्यांना उलट्या.

मग इथे आला कॅप्टन अर्नेस्ट एडमंड फ्रेसन. पहिल्या महायुद्धात विमान चालवायला शिकलेला, आणि नंतर गावोगाव जत्रेतल्या पाळण्यासारखं लोकांना 'चला, पाच मिनिटं आकाशात' म्हणून फिरवून आणणारा. १९३१ मध्ये याच धंद्यासाठी तो ऑर्कनीला आला आणि त्याच्या डोक्यात किडा शिरला. इथे विमान ही मजा नाही, गरज आहे. ८ मे १९३३ ला त्याच्या हायलँड एअरवेजचं विमान इनव्हरनेसहून विकमार्गे कर्कवॉलला, म्हणजे ऑर्कनीच्या राजधानीला, उतरलं. विमान 'मोनोस्पार', पायलट धरून जेमतेम चार माणसांचं. कर्कवॉलचा एअरपोर्ट म्हणजे गावाबाहेरच्या वाइडफर्डचं एक शेत. सोबत 'द स्कॉट्समन'चे गठ्ठे. बेटावरच्या लोकांना त्याच दिवशी त्या दिवशीचा पेपर!

वाचताना मला सारखं जुहू आठवत होतं. कारण याच्या फक्त सात महिने आधी, १५ ऑक्टोबर १९३२ ला, जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले होते. तेही एका इंजिनच्या चिमुकल्या 'पुस मॉथ'मधून. जुहूची धावपट्टी काय होती? सुकलेला चिखल. पावसाळ्यात ती पाण्याखाली जायची आणि सगळं बस्तान पुण्याला हलवावं लागायचं. आणि जेआरडींच्या डोक्यात ही कल्पना घालणारा नेव्हिल व्हिन्सेंट? तोही फ्रेसनसारखाच, गावोगाव पैसे घेऊन लोकांना विमानातून चक्कर मारून आणणारा! मुंबईही बेटच होती की. सगळीकडे सुरुवात अशीच झालेली दिसते, एक शेत किंवा चिखल आणि एक वेडा माणूस.

फ्रेसनचा वेडेपणा हिशोबी होता. २९ मे १९३४ पासून त्याने इनव्हरनेस ते कर्कवॉल टपाल नेणं सुरू केलं, जादा पैसे न घेता, साध्या पत्राच्याच दरात. ब्रिटनमध्ये देशांतर्गत नियमित टपाल असं पहिल्यांदाच विमानाने जाऊ लागलं. त्याच वर्षी त्याने ऑर्कनीच्या उत्तरेकडच्या छोट्या बेटांवर विमानं उतरवायला सुरुवात केली. तिथे कुठला एअरपोर्ट? शेतकऱ्यांशी बोलायचं, एखादं सपाट गायरान शोधायचं, गाई हाकलायच्या, उतरायचं.

आणि उतरायचं कशासाठी, तर बऱ्याचदा पेशंटसाठी. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयला बेटावरून १४ मे १९३३ ला एका आजारी मच्छीमाराला दुसऱ्या एका कंपनीच्या विमानाने ग्लासगोला हलवलं. तिथली ती पहिली एअर ॲम्ब्युलन्स. फ्रेसनची सर्व्हिस सुरू होऊन तेव्हा सहाच दिवस झाले होते.

पापा वेस्ट्रेला मी जिथे राहिले, तिथल्या आजी (त्यांना अर्थातच 'आजी' म्हणाले नाही, मनातल्या मनात म्हणत होते) मूळच्या आईकडून नॉर्थ रोनाल्डसेच्या. अगदी टोकाचं बेट. त्यांची आई फ्रेसनबद्दल नेहमी सांगायची म्हणे. "विमान आलं की शाळा सुटायची," त्या म्हणाल्या. "आणि युद्ध आलं, तेव्हा विमान गेलं."

खरंच तसं झालं. १९३९ मध्ये नौदलाने कर्कवॉलजवळ हॅटस्टनला विमानतळ बांधला. गवत चालणार नाही, डांबराचीच धावपट्टी करा, हा सल्ला फ्रेसनचा. इथल्या विमानांनी एप्रिल १९४० मध्ये नॉर्वेच्या बर्गन बंदरात 'क्योनिग्सबर्ग' ही जर्मन क्रूझर बुडवली. फ्रेसनला सरकारने पदवी दिली. पण छोट्या बेटांचं विमान बंद पडलं, ते पडलंच.

पुढचा भाग वाचून मला खरा राग आला. युद्धानंतर सरकारने विमान कंपन्या ताब्यात घेतल्या, फ्रेसनच्या कंपनीचं सगळं १९४७ मध्ये 'बीईए'मध्ये गेलं, आणि १९४८ मध्ये फ्रेसनला नारळ. ज्या माणसाला इथलं प्रत्येक शेत, प्रत्येक वारा पाठ, तोच सरप्लस! रिस्ट्रक्चरिंग हा शब्द आपल्या एचआरवाल्यांनी शोधलाय असं मला वाटायचं. आपल्याकडेही विमान कंपन्यांचं १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं. जेआरडी मात्र एअर इंडियाच्या खुर्चीत राहिले, आणि त्यांना घरी पाठवायला १९७८ उजाडलं. पंचवीस वर्षं मिळाली त्यांना. फ्रेसनला एकच.

तो १९६३ मध्ये गेला. त्याच्या आठवणींचं पुस्तक आलं १९६७ मध्ये. आणि त्याच वर्षी लोगनएअर या कंपनीने ऑर्कनीची बेटं पुन्हा विमानाने जोडली. माझा दोन मिनिटांचा प्रवास त्यातलाच.

रविवारी सकाळी पडदा बाजूला केला तर बाहेर काहीच नाही. गाई नाहीत, समुद्र नाही, सगळं पांढरं. इथे या धुक्याला 'हार' म्हणतात. (मराठीत त्याचा अर्थ काय ते मी आजींना सांगितलं. त्यांना फार आवडलं.) फ्लाइट कॅन्सल. मी वैतागले, कर्कवॉलहून पुढचं विमान, मग मुंबई, सोमवारची डेडलाइन, सगळं एका दमात सांगून टाकलं. आजींनी चहा ओतला.

"माझ्या धाकट्याच्या वेळी असंच धुकं होतं," त्या म्हणाल्या. "दोन दिवस आधी जायचं ठरलेलं. मी स्वयंपाकघरात बसून इंजिनाचा आवाज येतोय का ते ऐकत होते."

"मग?"

"तिसऱ्या दिवशी आलं. मी वेळेत पोचले. पण ते दोन दिवस अजून आठवतात." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या पेपरला दोन दिवस उशीर झाला तर काय होईल?"

काय बोलणार! इथे डॉक्टर, शिक्षक, दाताचा डॉक्टर, सगळे त्या सुमोएवढ्या विमानाने येतात. बेटावर शंभराच्या आत माणसं राहतात. पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं दगडी घर आहे इथे, 'नॅप ऑफ हॉवर'. म्हणजे माणसं इथे पिरॅमिडच्या आधीपासून राहतायत. हॉस्पिटल मात्र अजूनही समुद्रापलीकडे.

शेवटी बोटीनेच निघाले. पापा वेस्ट्रे ते वेस्ट्रे, आदल्या दिवशी दोन मिनिटांचं असलेलं अंतर, पंचवीस मिनिटं. मग बस, मग मोठी फेरी, आणखी दीड तास. पहिल्या दहा मिनिटांतच मी रेलिंगला लटकले. शेजारी एक शाळकरी मुलगा निवांत चिप्स खात होता.

परतताना इनव्हरनेसला विमान बदलायचं होतं. तिथे टर्मिनलबाहेर फ्रेसनचा पुतळा आहे हे वाचलेलं, म्हणून मुद्दाम बाहेर गेले. त्याची मूळ धावपट्टी इथे नव्हती, ती शहरालगत लाँगमनला होती. आज तिथे इंडस्ट्रियल इस्टेट आहे. पुतळ्याजवळ टॅक्सीची रांग होती. एक बाई ट्रॉलीवर बाळाला बसवून फोनवर बोलत होती, विमान लेट झालं म्हणून तक्रार करत होती. किती, तर वीस मिनिटं.