चिमणराव ते आबा

काल रात्री झोप येईना, म्हणून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’चा एक भाग लावला. एकाचे तीन झाले. आबा झालेले दिलीप प्रभावळकर, पण मला मधूनच त्यांच्यात त्यांनीच पूर्वी साकारलेला चिमणराव दिसत होता.

चिमणराव लागायचा तेव्हा चाळीत टीव्ही एकच, शेजारच्या काकूंकडे. चपला दाराबाहेर काढून आम्ही पोरं फरशीवर मांडी घालून बसायचो. चिं. वि. जोशींनी लिहिलेला तो चिमणराव आणि बाळ कर्व्यांनी साकारलेला गुंड्याभाऊ, सगळं कृष्णधवल. निम्मे विनोद कळायचे नाहीत; मोठी माणसं हसली की आम्ही हसायचो.

१९८७ला ‘रामायण’ आलं तेव्हा टीव्ही आमच्याकडे होता आणि रविवारी सकाळची गर्दीही. आई चहा करून दमायची. पुढे ‘ब्योमकेश बक्षी’चं वेड. (गुप्तहेर म्हटलं की मला अजून रजित कपूरचं धोतरच आठवतं!) सासू-सुनांच्या मालिका मात्र मला कधी झेपल्या नाहीत.

२००१मध्ये टिपरे आले तेव्हा मी आबांच्या नातवाच्या, शिऱ्याच्या बाजूचा होतो. काल रोजनिशी लिहिणाऱ्या आबांचंच म्हणणं पटत होतं. चौथा भाग आज जेवणानंतर.