ठासणीची बंदूक

गतवर्षीं चिरंजीवांकडे पेनसिल्व्हेनियांत असतां शेजारच्या वृद्ध गृहस्थांची कार्यशाळा आम्हीं पाहिली. अठराव्या शतकांत तेथील लँकेस्टर प्रांतांत जर्मन कारागीर लांब नळीची ठासणीची बंदूक घडवीत. तशीच हे हातानें घडवीत होते. नळीस दिव्याची काजळी फांसून ती मेपलच्या दस्त्यांतील खांचेंत बसवावयाची. काळा डाग उठेल तेवढेंच लांकूड पटाशीनें खरवडावयाचें. पुन्हां काजळी, पुन्हां खरवड. (काजळीचा हा उपयोग घरांतून फार वाखाणला गेला!) एके दिवशीं पटाशी त्यांनीं आमच्या हातीं दिली. जन्मभर मुलांस धीर शिकविणाऱ्या आम्हांस धीर निघेना. जोर केला आणि खांचेच्या कडेची ढलपी उडाली. तीन महिन्यांचें काम! मुलांच्या चुकांखालीं तांबड्या रेघा ओढलेले आम्ही, आम्हांस मान वर करवेना. ते कांहींच बोलले नाहींत. ढलपी शोधून सरस लावूं लागले.