फाल्गुनातली शर्यत आणि घड्याळाची साक्ष

लांब पल्ल्याचा धावपटू निवडायचा तर घड्याळ पाहावे, हा आपल्याकडच्या कॉलेज क्रीडाक्षेत्रातला सर्वांत निर्विवाद मानला जाणारा नियम आहे. घड्याळ वशिला मानत नाही, गाव विचारत नाही, प्रशिक्षकाचा पुतण्या कोण हे त्याला ठाऊक नसते. हे सगळे खरे. तरीही माझ्या विषयाच्या, म्हणजे व्यायामाच्या शरीरशास्त्राच्या बाजूने मी असे म्हणेन की सुरतसारख्या समुद्राजवळच्या शहरात फेब्रुवारीच्या अखेरीपासून पुढे दहा किलोमीटरच्या शर्यतीत घड्याळ जी साक्ष देते, ती धावपटूबद्दल कमी आणि त्या दिवशीच्या हवेबद्दल जास्त असते. त्या साक्षीवर निवड करणे अन्यायाचे आहे, आणि मुलांना त्या आकड्यामागे पळायला लावणे धोक्याचे. धोक्यावर बोलणारे निदान भेटतात. अन्यायाकडे कोणी फारसे पाहत नाही, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

या प्रश्नाचे उत्तर एका अशा खेळाने शोधून ठेवले आहे, ज्याचे नाव सुरतमध्ये काढले तर लोक हसतील. तो खेळ म्हणजे बर्फावरचे क्रॉस कंट्री स्कीइंग. अमेरिकेत कॉलेजांची राष्ट्रीय स्की स्पर्धा मार्चमध्ये होते. तेव्हा अनेक ठिकाणी बर्फ वितळू लागलेला असतो. रात्री तो गोठून खडबडीत होतो, सकाळी काचेसारखा कडक असतो आणि ऊन चढले की ओल्या साखरेसारखा भुसभुशीत होतो. स्पर्धक तीस-तीस सेकंदांच्या अंतराने सोडले तर पहिल्याला आणि शेवटच्याला मिळणारा मार्ग एकच राहत नाही. मार्ग पुन्हा घट्ट व्हावा म्हणून आयोजक त्यावर मीठ टाकतात. संघाचे तंत्रज्ञ पहाटे हवेचे आणि बर्फाचे तापमान वेगवेगळे मोजतात, आणि ओल्या किंवा पुन्हा गोठलेल्या बर्फासाठी स्कीच्या तळाला क्लिस्टर नावाचा चिकट लेप लावतात. शनिवारी जमलेला लेप रविवारी फसू शकतो. आपल्याकडेही हे नवीन नाही. २०२५ च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीत होणार होता. बर्फच पुरेसा नव्हता, म्हणून तो पुढे ढकलून ९ ते १२ मार्चला घेतला गेला.

हवामान इतके लहरी असल्यामुळे त्या खेळाने एक शहाणपणाची गोष्ट केली. एका दिवसाची वेळ दुसऱ्या दिवसाच्या वेळेशी ताडून पाहायची नाही, असे ठरवले. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाची गुणपद्धत स्पर्धक विजेत्यापेक्षा किती टक्के मागे राहिला यावर चालते. त्यात शर्यतीतला मुकाबला किती तगडा होता, हे पुढे आलेल्यांच्या आधीच्या गुणांवरून काढून जोडले जाते. त्यामुळे ओल्या बर्फावरची संथ शर्यत आणि कडक बर्फावरची वेगवान शर्यत एकाच मापाने मोजता येते. मूळ सूत्र एवढेच, पण त्याने निवडीची सगळी भाषा बदलते.

हे आपल्या मैदानावर आणून पाहू. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. जानेवारीच्या गार सकाळी एका शर्यतीचा विजेता ३२ मिनिटांत आला आणि ‘अ’ ३५ मिनिटे १२ सेकंदांत. मार्चमधल्या शर्यतीत विजेत्यालाच ३४ मिनिटे लागली आणि ‘ब’ ३५ मिनिटे ४२ सेकंदांत पोहोचला. घड्याळ सांगते की ‘अ’ तीस सेकंदांनी सरस. पण ‘अ’ आपल्या विजेत्यापेक्षा १० टक्के मागे होता आणि ‘ब’ फक्त ५ टक्के. दोन्ही शर्यतींतला मुकाबला तुल्यबळ असेल, तर कोणाला पुढे पाठवावे हे सांगायला क्रीडाशास्त्राची पदवी लागत नाही. आपल्या निवड-यादीत मात्र ‘अ’ वर असतो.

हवेमुळे एवढा फरक कसा पडतो, हे थोडे उलगडून सांगायला हवे. धावताना खर्च होणाऱ्या ऊर्जेचा साधारण पाऊण हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त उष्णतेत जातो. साठ किलो वजनाचा तरुण ताशी सोळा किलोमीटर वेगाने धावत असेल तर त्याच्या शरीरात तासाला साडेसातशे कॅलरींच्या आसपास उष्णता तयार होते. ती बाहेर टाकायचा मुख्य मार्ग घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. ‘वाळला तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. दमट हवेत घाम अंगावरून ओघळतो आणि जमिनीवर पडतो. तो पाणी खर्च करतो, थंडावा देत नाही. मग शरीर त्वचेकडे जास्त रक्त वळवते, स्नायूंच्या वाट्याला कमी येते, हृदयाचे ठोके वाढतात आणि मेंदू वेग आवरायला लावतो. हा वेग कमी होणे आळस नव्हे. तो शरीराचा शहाणपणा आहे, आणि तो मोडून काढणाऱ्या प्रशिक्षकाला मी फार मोठा प्रशिक्षक मानत नाही.

म्हणून नुसत्या तापमापकावर भागत नाही. १९५० च्या दशकात अमेरिकन मरीन दलाच्या पॅरिस आयलंड इथल्या प्रशिक्षण केंद्रात उष्माघाताने जवान कोसळू लागले, तेव्हा वेट बल्ब ग्लोब तापमान हे माप तयार झाले. ओल्या कापडाने झाकलेल्या तापमापकाच्या नोंदीला त्यात ७० टक्के वजन, काळ्या गोळ्यातल्या म्हणजे उन्हाच्या नोंदीला २० टक्के आणि साध्या तापमापकाला फक्त १० टक्के. टीव्हीवरच्या बातम्या जो आकडा सांगतात, त्याची धावपटूच्या दृष्टीने एवढीच किंमत. सुरतचे मार्चमधले सरासरी कमाल तापमान ३५ अंशांच्या आसपास असते आणि मेमध्येही ते फार वर जात नाही. वाढत जातो तो दमटपणा आणि रात्रीचा उकाडा. मार्चमध्ये सकाळी साडेसहाला २२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता धरली तर हे माप २० च्या घरात येते. साडेनऊला ३१ अंश, ४५ टक्के आर्द्रता आणि लख्ख ऊन धरले तर ते २७ च्या पुढे जाते. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या मार्गदर्शनात २८ च्या पलीकडे लांब पल्ल्याची शर्यत पुढे ढकलण्याचा किंवा रद्द करण्याचा विचार सुचवलेला आहे. म्हणजे तीन तासांत आपण बऱ्यापैकी सुरक्षित पट्ट्यातून थेट उंबरठ्यावर येतो. आता आपल्या स्पर्धांचा क्रम आठवा. मुलांची शर्यत आधी, मुलींची नंतर, किंवा उलट, आणि मध्ये प्रमुख पाहुण्यांची वाट. पाहुणे तासभर उशिरा आले तर दुसऱ्या गटाला मिळतो तो मार्ग जुना, पण हवा नवी. बर्फ वितळताना डोळ्यांना दिसतो, म्हणून स्कीवाल्यांना हे लवकर कळले. आपली हवा दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : ऊन सगळ्यांना सारखेच लागते, मग अन्याय कसला? पण सारखे ऊन सगळ्यांना सारखे लागत नाही. मॅरेथॉनच्या निकालांवरचा २००७ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास सांगतो की वेट बल्ब ग्लोब तापमान ५ पासून २५ अंशांकडे सरकते तसतशा सगळ्यांच्याच वेळा वाढतात, पण मागच्या फळीतल्या धावपटूंच्या वेळा पुढच्यांपेक्षा अधिक वाढतात. शरीरयष्टीचाही प्रश्न आहे. उंच आणि वजनदार धावपटू उष्णता जास्त तयार करतो, पण त्याच्या वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्र कमी असते. दमट दिवशी सत्तर किलोचा मुलगा पन्नास किलोच्या मुलाकडून हरतो, तोच गार दिवशी जिंकू शकतो. आणि हे केवळ नवशिक्यांचे होते असे नाही. २००७ च्या मार्चमध्ये केनियातल्या मोम्बासा या दमट बंदरात जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धा झाली. या शर्यतीवर वर्षानुवर्षे राज्य केलेल्या केनेनिसा बेकेलेने तिथे शर्यत पूर्ण न करताच सोडली आणि इरिट्रियाचा झेरसेनाय तादेसे जिंकला. बेकेले त्या दिवशी वाईट धावपटू झाला होता असे कोणी म्हणाले नाही. आपल्या विद्यापीठाच्या मैदानावर तो असता तर निवड-यादीतून गळला असता.

इथे माझ्याच मांडणीतली एक फट दाखवून द्यायला हवी. उन्हाने क्रमच बदलत असेल, तर विजेत्याशी टक्क्यांनी तुलना करूनही तो दोष उरतोच. बरोबर आहे, उरतो. सापेक्ष गुण सगळ्यांना लागलेला दिवसाचा भार काढून टाकतात. माणसामाणसांतला फरक ते काढू शकत नाहीत. त्यासाठी एकाहून अधिक शर्यतींचे गुण धरावे लागतात, आणि प्रत्येक निकालपत्रकावर सुरुवातीच्या व शेवटच्या क्षणाचे वेट बल्ब ग्लोब तापमान छापावे लागते. हातात मावणारे यंत्र मिळते. ते ध्वनिक्षेपकाच्या भाड्याइतके अवघड प्रकरण नाही.

दुसरा आक्षेप अभिमानाचा आहे, आणि मला तो समजतो. आमची मुले उन्हातच वाढली, त्यांना काय होणार? वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाच्या परिसरात डांग जिल्हा येतो. त्याच डांगने सरिता गायकवाड दिली, जी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चार बाय चारशे मीटर रिलेच्या सुवर्णपदक विजेत्या संघात होती. त्याच डांगने मुरली गावित दिला, ज्याने २०१९ मध्ये दोह्याच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. सह्याद्रीच्या याच पट्ट्यात पलीकडे नाशिक जिल्ह्यात धावपटू कविता राऊत घडली. या भागातल्या मुलांच्या चिवटपणाबद्दल शंका घेणारा मी कोण? पण उष्णतेची सवय जन्माने मिळत नाही आणि कायम टिकतही नाही. रोज उष्णतेत सराव केला तर दहा-चौदा दिवसांत रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जाते. सराव थांबला की काही आठवड्यांत हे सगळे ओसरते. सुरतचा जानेवारी गोड असतो, रात्री पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो, तर डांगच्या डोंगरात त्याहून गारवा. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलगा सर्वांत तयारीत असतो आणि त्याचे शरीर उष्णतेला सर्वांत कमी सरावलेले असते. वर वसतिगृहातली मुले पहाटे साडेपाचला धावतात. सरावतात ती पहाटेला, आणि शर्यत होते साडेनऊला.

तिसरा आक्षेप सर्वांत तगडा. पुढच्या स्पर्धा गरम जागीच व्हायच्या, मग उन्हात टिकणारेच का निवडू नयेत? २०१९ च्या जागतिक स्पर्धेतली महिला मॅरेथॉन दोह्यात मध्यरात्री सुरू झाली, तरी ६८ जणींपैकी २८ जणींना ती पूर्ण करता आली नाही. तेव्हा उष्णतेत टिकणे हे खरोखर कौशल्य आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की ते कौशल्य मोजायचे तर ठरवून मोजा : आधी दोन आठवडे सराव द्या, माप नोंदवा, चाचणीला उष्णतेची चाचणी म्हणा. अपघाताने गरम निघालेल्या रविवारी, न सरावलेल्या मुलांमधून जो उभा राहिला तो उष्णतेतला धावपटू, हा निष्कर्ष काढता येत नाही. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्रॉस कंट्री शर्यत चाळिशीपलीकडच्या उन्हात झाली. ३८ जण निघाले, १५ पोहोचले. पाव्हो नुर्मी आरामात जिंकला. तो उन्हामुळे श्रेष्ठ ठरला नव्हता, तो गार दिवशीही पहिलाच आला असता. बाकीच्यांविषयी त्या दुपारने काहीही सिद्ध केले नाही, एवढे मात्र झाले की क्रॉस कंट्री ऑलिंपिकमधून कायमची गेली.

राहता राहिला शनिवार-रविवारचा जोड. परीक्षा, बस आणि मैदान यांच्या सोयीने दोन दिवसांत दोन शर्यती उरकल्या जातात. पॅरिस आयलंडच्याच जवानांवरच्या नंतरच्या अभ्यासात दिसले की उष्णतेचा आजार होण्यात त्या दिवसाच्या हवेबरोबरच आदल्या दिवसाच्या उष्णतेचाही हात असतो. शरीराचा भार रात्रीत उतरत नाही, विशेषतः रात्रच उकाड्याची असेल तर. म्हणून रविवारची शर्यत घ्यायचीच असेल तर ती शनिवारच्या वेळेपेक्षा लवकर सुरू व्हावी, जो गट शनिवारी उशिरा धावला तो रविवारी पहिला सोडावा, आणि अंतिम रेषेजवळ बर्फाच्या पाण्याने भरलेला मोठा टब असावा. उष्माघात झालेल्या मुलाला आधी त्या टबात गार करायचे आणि मग रुग्णवाहिकेत घालायचे, हा क्रम उलटा झाला तर जीव जाऊ शकतो. पाहुण्यांचे भाषण बक्षीस समारंभात ठेवता येते. तिथे सावलीही असते.