पुन्हा त्याच दुष्काळाकडे

ज्या मुलखात मृगाचा भरवसा धरून पेरणी करणारा शेतकरी दर वर्षी आपले सारे वर्षच पणाला लावतो, त्या आमच्या धाराशिव जिल्ह्यात दुष्काळाची आठवण ग्रंथांतून नव्हे, तर वडीलधाऱ्यांच्या तोंडून पुढच्या पिढीकडे येते. १९७२ साली खडी फोडताना तळहाताला आलेले फोड, रेशनवर मिळालेली लाल मिलो आणि कामावर वाटलेली सुकडी यांविषयी बोलताना भूम-परंड्याकडची वृद्ध माणसे अजूनही मध्येच थांबतात. एकदा भोगलेल्या उपासमारीकडे मनुष्य आपल्या पायांनी परत जात नाही. म्हणूनच पंडिता रमाबाईंच्या चरित्रातील विद्वत्तेचे आणि वादविवादांचे अनेक तेजस्वी प्रसंग बाजूला ठेवून, १८९७ साली मध्यप्रांतातील दुष्काळग्रस्तांकडे निघालेल्या रमाबाई मला सर्वांत थोर वाटतात.

त्या कोठून परत कोठे निघाल्या होत्या, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून पत्नीला संस्कृत शिकवले आणि पुढे मुलींनाही विद्येचा वारसा दिला. पुराणे सांगत, तीर्थामागून तीर्थे पालथी घालत हे कुटुंब दक्षिणेत हिंडत असता दुष्काळाने त्याला गाठले, आणि १८७४ साली अंध व जर्जर झालेले वडील, त्यांच्या पाठोपाठ आई आणि पुढे थोरली बहीण अशी एकेक माणसे निघून गेली. आईने अखेरच्या दिवसांत खायला मागितले तेव्हा सोळा वर्षांची ही मुलगी शेजारच्या दारात जाऊन उभी राहिली. पण मागण्याचा शब्द ओठांवर येईना, डोळ्यांतून नुसत्या धारा लागल्या. त्या घरच्या बाईने ओळखून थोडे अन्न दिले, ते आईपुढे ठेवले, आणि आईला ते खाण्याचेही त्राण उरले नव्हते. पुढे भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई पायी उत्तरेकडे गेली. पंजाबात, झेलम नदीच्या काठी, पांघरायला काही नाही म्हणून दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून घेऊन थंडीच्या रात्री काढल्या. हे सारे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे, आणि तेही एखाद्या कैफियतीसारख्या सरळ, निरलंकार शब्दांत.

पुढे इंग्लंडला गेल्यावर १८८३ साली वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. परंतु ख्रिस्ताला शरण गेलेली ही स्त्री ख्रिस्ताच्या नावाने हुकूम सोडणाऱ्या प्रत्येकाला शरण गेली, असा ज्यांचा समज असेल त्यांनी तिची पत्रे वाचावीत. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान सोडवून घेतल्यावर ती दुसऱ्या जोखडात घालण्यास त्यांनी बिशपांपुढेही साफ नकार दिला. आणि १८९३ साली त्यांनी चालवलेल्या शारदा सदन या शाळेतील मुलींच्या धर्मांतराच्या प्रश्नावरून पुण्यात गहजब उडाला, रानडे-भांडारकरांसारखे पाठीराखे दूर झाले, तेव्हाही त्या आपल्या जागेवरून ढळल्या नाहीत. ज्याला देवाची आज्ञा खरोखर ऐकू येते, त्याला इतरांच्या आज्ञांचे भय कमी होत जाते, असे मला त्यांच्याकडे पाहून वाटते.

मध्यप्रांतातील दुष्काळाच्या बातम्या आल्या तेव्हा त्यांच्या मनात जुनी भूक जागी झाली, आणि तिलाच त्यांनी देवाचा आदेश मानले. संकट ठाऊक नसलेल्याचे धैर्य आणि ते पुरते ठाऊक असलेल्याचे धैर्य यांत मला फार मोठे अंतर दिसते. उपाशी मुलींना अन्नाचे आमिष दाखवून पळवणारे नराधम त्या भागांत टपलेले आहेत, हे कळल्यावर तर त्यांना स्वस्थ बसवेना. त्यांनी हाडांचे सापळे झालेल्या शेकडो मुली गोळा करून आणल्या. परंतु पुण्यात प्लेगचा अंमल आणि प्लेगच्या बंदोबस्ताचा त्याहून कडक अंमल सुरू झाल्यामुळे या मुलींचे बिऱ्हाड केडगावच्या उघड्या शेतजमिनीवर मांडावे लागले. मुक्ती सदन उभे राहिले ते असे. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड मागे पडले की हे केडगाव स्टेशन लागते. आमच्याकडच्या किती प्रवाशांना त्याची ओळख आहे, कोण जाणे.

त्याच १८९७ साली प्लेगच्या सरकारी इस्पितळांतील स्त्रियांच्या हालांविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात उघड लिहिले. राज्यकर्त्यांचा धर्म स्वीकारलेल्या, अमेरिकेतील ख्रिस्ती लोकांच्या देणग्यांवर संस्था चालवणाऱ्या बाईने हे लिहावे, हा मुंबई सरकारला अनपेक्षित आघात होता. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी तिचे म्हणणे नाकारले. ज्या पुणेकरांनी तिला परकी ठरवले होते, त्यांच्याच लेकीबाळींची बाजू तिने येथे घेतली होती, आणि ही गोष्ट आपल्याकडे पुरेशा कृतज्ञतेने सांगितली जात नाही याचे मला दुःख आहे.

१९१२ साली रमाबाईंनी कन्या मनोरमाबाईंच्या साहाय्याने गुलबर्ग्यास शाळा काढली. गुलबर्गा आमच्या उमरग्याच्या सीमेपासून फार दूर नाही, आणि त्या काळी तो जिल्हा व आमचा जिल्हा दोन्ही निजामाच्याच अमलाखाली होते. तोवर मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले होते, आणि दुष्काळातून वाचलेल्या मुली केडगावच्या छापखान्यात त्याचे खिळे जुळवीत होत्या. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. रमाबाईंनी भाषांतर हातावेगळे केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचेही देहावसान झाले.