हवेची वाट

इंजिन पेट्रोलवर चालतं, हे अर्धंच खरं. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला जवळजवळ पंधरा ग्रॅम हवा लागते. म्हणजे इंजिनाची खरी भूक हवेची. या दोघांची सोयरीक जुळवतो तो कार्बोरेटर.

ओसरीत वर्षानुवर्षं झाकून ठेवलेली बजाज चेतक तिरकी करून, किक मारूनही दाद देत नाही, तेव्हा मी आधी कार्बोरेटरकडे वळतो. 1972 मध्ये बाजारात आलेल्या या स्कूटरच्या पेट्रोलमध्येच ऑईल मिसळायचं. गाडी उभी राहिली की पेट्रोल उडून जातं, ऑईल मागे उरतं आणि जेटच्या, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीच्या, तोंडाशी तपकिरी चिकटा धरतो. पेट्रोलचा कॉक बंद करायचा, केबल आणि पाईप काढायचे, दोन लांब बोल्ट सोडवायचे. कार्बोरेटर हातात येतो, शिळ्या पेट्रोलचा उग्र वास घेऊन.

आतला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा, कानाशी धरून हलवावा. आत पेट्रोल डुचमळलं तर तो गळका. फ्लोटबरोबर पेट्रोल अडवणाऱ्या पिनच्या टोकावर झिजून गोल खाच पडली असेल तर ती बदलावी. मग स्लो जेट. त्याचं भोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. केरोसीनमध्ये भिजवून, पंपाने हवा मारून तो उजेडाकडे धरला आणि आरपार गोल ठिपका दिसला की मला दरवेळी तेवढाच आनंद होतो.

कार्बोरेटरच्या गळ्याशी हवेची वाट अरुंद होते, तिथे हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि पेट्रोल आपोआप वर ओढलं जातं. हे तत्त्व मांडणाऱ्या इटलीच्या व्हेंच्युरीचं 1822 मध्ये निधन झालं, मोटारगाडी जन्मायच्या कितीतरी आधी. ना पंप, ना वीज. नुसता आकार काम करतो. यंत्रातली याहून देखणी गोष्ट मी पाहिलेली नाही.

जोडणी झाली की हवेचा स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत, मग दीडेक आटे बाहेर. पुढचं कानाने ठरवायचं. थोडं फिरवून आल्यावर प्लग काढून बघावा: टोक चॉकलेटी असेल तर मिश्रण जमलं, काळं असेल तर पेट्रोल जास्त, पांढरं असेल तर हवा.

एप्रिल 2020 पासून धुरावरचे बीएस-6 निकष आले आणि नव्या दुचाक्यांत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन बसलं. धूर कमी झाला, हे चांगलंच झालं. पण ते उघडून डोळ्यांनी समजून घेता येत नाही.

घरात अशी जुनी गाडी असेल तर भंगारात देण्याआधी एकदा कार्बोरेटर उघडून बघा. फक्त जेटमध्ये तार घालू नका. पितळ मऊ असतं. रुंदावलेलं भोक पुन्हा बारीक होत नाही.