गिरगावातली प्रार्थना, परळमधली शाळा

अंबाजोगाईत मुकुंदराजांच्या समाधीकडून परतताना इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "प्रार्थना समाज म्हणजे विलायती युनिटेरियन चर्चची मराठी नक्कल. त्यात आपलं काय होतं?" दासोपंतांनी लांबलचक पासोडीवर 'पंचीकरण' लिहिलं, त्या गावात वाढलेल्या मला हे वाक्य बोचलं. म्हटलं, सर, स्वतः बघूनच येतो.

एसटीनं रात्रभर हाडं खिळखिळी केली. गिरगावातल्या लॉजची खोली कोंदट, नळाला धड पाणी नाही. गेटवे, वस्तुसंग्रहालय वगैरे ठरवलं होतं, ते राहूनच गेलं. मुंबईकरांना 'प्रार्थना समाज' म्हटलं की बसथांबा आठवतो. मला त्यामागचं १८७४ सालचं मंदिर बघायचं होतं. देवघर नाही, मूर्ती नाही, नारळ-फुलांचं दुकान नाही. देवळात शिरल्यावर हात आपोआप घंटेकडे जातो, इथे तो रिकामाच खाली आला.

या घराच्या आधीची गोष्ट मोठी विलक्षण आहे. १८४९च्या सुमारास दादोबा पांडुरंगांच्या परमहंस सभेत जातिभेद मोडायचा म्हणून सभासद ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खात, पण चोरून. १८६०च्या आसपास सभेची कागदपत्रं चोरीला गेली आणि नावं फुटण्याच्या भीतीनं सभाच मोडली. मग १८६४ साली केशवचंद्र सेन मुंबईत आले, पुन्हा चर्चा सुरू झाली. ३१ मार्च १८६७ रोजी दादोबांचे धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकारानं समाज स्थापन झाला, तो उघडपणे. पुढे रानडे आले, भांडारकर आले. उपासनेला त्यांनी तुकोबांचे अभंग घेतले. नक्कल करणाऱ्याला तुकोबा कशाला लागतील?

संध्याकाळी सरांना फोन लावला. ते म्हणाले, "अभंग म्हटले, पण जात सोडली का? फुल्यांनी त्यांना उगाच झोडपलं नाही." हे मात्र खरं आहे. मूर्तिपूजा नाकारणाऱ्या या समाजानं सभासदांवर जात सोडण्याची अट घातली नाही. शिकल्यासवरल्या मंडळींचा समाज, पाऊल जपून टाकणारा. मी म्हटलं, "सर, मग विठ्ठल रामजी शिंदे कुठे बसवायचे?"

शिंदे १९०१ साली युनिटेरियनांच्याच शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तुलनात्मक अभ्यास करायला गेले. १९०३ साली परतून ते मुंबईच्या समाजाचे प्रचारक झाले. आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजी परळला अस्पृश्य मुलांसाठी शाळा उघडून त्यांनी भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी सुरू केली. अध्यक्ष होते समाजाचेच न्यायमूर्ती नारायण चंदावरकर. त्याआधी १८७५ साली पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांनी टाकून दिलेल्या अर्भकांसाठी आश्रम काढला होता, तोही समाजानंच सांभाळला. विधवेनं लोकलाजेखातर सोडलेलं मूल उचलून घ्यायला त्या काळी किती छाती लागत असेल!

१९१०मध्ये शिंदे प्रचारकपदावरून बाजूला झाले, कारण त्यांची धाव समाजाला झेपेना. सरांचा मुद्दा इथे टिकतो. पण त्या धावेला बळ मिळालं ते याच उपासनेतून. दुसऱ्या दिवशी परतीचं तिकीट बदललं आणि परळची बस पकडली. मूठभर माणसांच्या प्रार्थनेची किंमत करायची तर हजेरीपट दोन ठेवावे लागतील, एक गिरगावातल्या उपासकांचा आणि दुसरा परळच्या त्या शाळेतल्या मुलांचा. मला दुसरा अधिक मोलाचा वाटतो, आणि पहिल्यावाचून तो लिहिलाच गेला नसता, हे मी सरांना ठासून सांगणार आहे.